कालवांची वसाहत आणि माणसाची जात



या वेळचा अभ्यासपाठ पर्यावरणशास्त्रावर आहे. धम्माच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण आपल्या घरातले आहे. आपली मुले जर्मन शाळांत हा विषय लहानपणापासून शिकतात. वरच्या वर्गात जाईपर्यंत ओकोसिस्टेम, नारुंग्सकेटे हे शब्द त्यांच्या तोंडी रुळलेले असतात. ती जेवताना प्रश्न विचारतात, तेव्हा आपल्याला त्यांच्याशी बोलता आले पाहिजे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. परदेशातल्या भारतीयांच्या मेळाव्यांत, कधी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, एक युक्तिवाद आपल्या कानावर येतो. तो साधारण असा असतो: "निसर्गात प्रत्येक जीवाचे काम ठरलेले आहे. मुंगीचे काम मुंगी करते, गिधाडाचे गिधाड करते, म्हणून निसर्ग टिकून आहे. जातिव्यवस्था मुळात अशीच कामाची वाटणी होती." बोलणारा शिकलेला असतो आणि ऐकणाऱ्या जर्मन सहकाऱ्याला त्यात तथ्य वाटते. अशा वेळी नुसते रागावून भागत नाही. निसर्गात खरोखर काय चालते ते आपल्याला माहीत हवे, आणि याच प्रश्नावर तथागतांनी काय सांगितले तेही माहीत हवे. म्हणून आज आधी शास्त्र समजून घेऊ आणि मग सुत्ताकडे वळू.

१. तीन शब्द

पर्यावरणशास्त्राला जर्मन भाषेत ओकोलोगी म्हणतात. हा शब्द १८६६ साली जर्मनीतच तयार झाला. येना विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी तो ग्रीक भाषेतल्या 'ओइकोस' म्हणजे घर या शब्दावरून बनवला. सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या परिस्थितीशी असलेले नाते तपासणारे ते ओकोलोगी.

या शास्त्राचे तीन मूळ शब्द लक्षात ठेवू. एखाद्या जागी राहणाऱ्या एकाच प्रजातीच्या सगळ्या जीवांना मिळून जीवसंख्या म्हणतात. तुमच्या गावाजवळच्या तळ्यातले एका प्रजातीचे सगळे बेडूक ही एक जीवसंख्या झाली. त्याच तळ्यातले बेडूक, मासे, शेवाळ, डास, बदके, गोगलगायी या सगळ्या जीवसंख्या मिळून जीवसमुदाय होतो. आणि जीवसमुदाय अधिक पाणी, माती, ऊन, हवा असे सगळे एकत्र धरले की ती परिसंस्था.

जीवसंख्या चार गोष्टींनी कमीजास्त होते: जन्म, मृत्यू, बाहेरून येणे आणि बाहेर जाणे. हे गणित सोपे आहे. जीवसमुदायाचे गणित मात्र सोपे नाही, कारण तिथे एकाचा मृत्यू हे दुसऱ्याचे जेवण असते आणि एकाचे रिकामे कवच हे दुसऱ्याचे घर असते. ही गुंतागुंत शास्त्रात पहिल्यांदा स्पष्ट मांडली ती जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, कालवांचा अभ्यास करताना.

२. म्योबिउस आणि उत्तर समुद्राची कालवं

कालवं म्हणजे काय ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. ओहोटीला खडकावरून कोयत्याने फोडून काढतात तीच. जर्मन भाषेत त्यांना आउस्टर म्हणतात. श्लेस्विग-होल्श्टाइनच्या पश्चिमेला झिल्ट, फ्योर, आमरुम ही बेटे आहेत. तिथल्या उथळ समुद्रात पूर्वी युरोपीय कालवांच्या मोठ्या वसाहती होत्या. त्यांना आउस्टर्नबांक, म्हणजे कालवांचा बांध, असे म्हणत.

१८६० च्या दशकातल्या युद्धांनंतर हा प्रदेश प्रशियाच्या ताब्यात आला. कालवांना बाजारात चांगला भाव होता, म्हणून सरकारला एक प्रश्न पडला: साऱ्या जर्मन किनाऱ्यावर कालवांची लागवड करता येईल का? हा अभ्यास कील विद्यापीठातले प्राध्यापक कार्ल म्योबिउस यांच्याकडे आला. म्योबिउस यांचा जन्म १८२५ चा. सुरुवातीला ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि पुढे शिकत शिकत प्राध्यापक झाले. त्यांनी उत्तर समुद्रातल्या वसाहती तपासल्या, फ्रान्स आणि इंग्लंडच्या किनाऱ्यांवरची कालवांची शेती पाहिली आणि १८७७ साली कालवं व कालवांचा व्यवसाय या विषयावर पुस्तक लिहिले.

त्यांचे उत्तर सरकारला आवडेल असे नव्हते. बाल्टिक समुद्रात मीठ कमी, तिथे हे कालव जगणार नाही. उत्तर समुद्रातही मनाला येईल तिथे वसाहत करता येणार नाही. कालवाचे पिलू सुरुवातीचे काही दिवस पाण्यात तरंगते, मग त्याला चिकटून बसायला स्वच्छ आणि टणक जागा लागते. वाळू-चिखलाच्या तळावर अशी जागा म्हणजे बहुतेक वेळा आधीच्या कालवांची कवचे. म्हणजे जुनी कालवं असतील तरच नवी कालवं वसतात. शिवाय पाण्याचा खारटपणा, उष्णता, प्रवाह आणि अन्न हे सगळे जमून यावे लागते.

पण म्योबिउस यांचे मोठे निरीक्षण पुढचे आहे. कालवांच्या बांधावर कालव एकटे नसते. तिथे स्पंज असतात, नळीत राहणारे कृमी असतात, खेकडे, समुद्रतारे, इतर शिंपले आणि मासे असतात. काही कालवांवर बसतात, काही त्यांच्याशी अन्नासाठी स्पर्धा करतात, आणि समुद्रतारा तर कालवंच खातो. या सगळ्यांची संख्या एकमेकांमुळे आणि भोवतालच्या परिस्थितीमुळे मर्यादेत राहते. यांतली एक गोष्ट बदलली की बाकीच्या हलतात. अशा एकत्र जगण्याला नाव नव्हते, म्हणून म्योबिउस यांनी नवा शब्द केला: बायोत्स्योनोझे. आज आपण जीवसमुदाय म्हणतो ती कल्पना ही. आपली मुले हा शब्द जर्मन पुस्तकात आजही वाचतात.

३. संख्या का वाढते, का थांबते

दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा एक जिवाणू घ्या. दहा तासांत तीस वेळा दुप्पट झाल्यावर एकाचे एकशे सात कोटी होतात. कोणतीही जीवसंख्या अडथळ्याशिवाय वाढली तर अशीच वाढते. पण जग जिवाणूंनी भरून गेलेले नाही, कारण अन्न संपते, जागा संपते, साचलेली घाण विषारी होते, रोग येतो, खाणारे येतात. एखादी जागा एका प्रजातीचे जितके जीव दीर्घकाळ पोसू शकते, त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात.

एक मोठे कालव एका हंगामात लाखो पिले सोडते. म्योबिउस यांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की दहा लाखांहून अधिक पिलांमागे जेमतेम एक मोठे होते. बाकीची माशांच्या पोटात जातात, चिखलात गुदमरतात किंवा त्यांना बसायला जागा मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एवढी पिले आहेत, मग कितीही कालवं काढली तरी काय बिघडते? इथेच माणसाची फसगत झाली. पिले भरपूर असली तरी बसायची जागा मोजकीच होती, आणि ती जागा म्हणजे कवचे. माणूस कालवांबरोबर तीही उचलून नेत होता.

त्या काळात रेल्वे पसरत होती. किनाऱ्यावरची कालवं ताजी असतानाच दूरच्या शहरांत पोचू लागली. मागणी वाढली, किंमत वाढली, आणि किंमत वाढल्यामुळे उपसा वाढला. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर म्योबिउस यांना दिसले की कालवं बेसुमार काढलेल्या जागी दुसऱ्या प्रकारचे शिंपले वाढले आहेत. रिकामी झालेली जागा दुसऱ्यांनी घेतली होती आणि कालवांना परत यायला वाव उरला नव्हता. म्हणून त्यांचा सल्ला होता की आहेत त्या वसाहती जपा आणि वसाहतीला भरून काढता येईल तेवढेच घ्या.

हा सल्ला टिकला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मन किनाऱ्यावरच्या युरोपीय कालवांच्या वसाहती नाहीशा झाल्या. ज्या बांधांवरून शास्त्राला जीवसमुदायाची कल्पना मिळाली, ते बांधच उरले नाहीत.

तृष्णा हा शब्द आपण वंदनेत, प्रवचनात ऐकतो आणि तो एका माणसाच्या मनापुरता धरतो. इथे तीच तृष्णा बाजाराच्या रूपात दिसते. एकेका कोळ्याने किंवा गिऱ्हाइकाने काही मोठे पाप केले नव्हते. प्रत्येकाने थोडे जास्त घेतले आणि मर्यादा कुणी पाळली नाही. धम्मपदात भिक्खूने गावात कसे वावरावे हे सांगताना मधमाशीचा दाखला आहे. ती फुलातला रस घेते, पण फुलाला इजा करत नाही. मर्यादा पाळून घेणे म्हणजे काय, हे त्यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

४. स्थिर म्हणजे न बदलणारे नव्हे

'निसर्गाचा समतोल' हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातून असे चित्र उभे राहते की निसर्ग म्हणजे एकदा लावून ठेवलेले घड्याळ. शास्त्र असे म्हणत नाही. जीवसमुदाय स्थिर असतो याचा अर्थ एवढाच की त्यातल्या संख्या काही मर्यादेत वरखाली होतात आणि छोटा धक्का बसला तर समुदाय सावरतो. कडक हिवाळ्यात शिंपले मेले तर पुढच्या काही वर्षांत ते परत भरतात. धक्का मोठा असेल तर समुदाय सावरत नाही आणि त्याच जागी वेगळा समुदाय उभा राहतो.

झिल्टवर हे आपल्या काळात घडले. १९८६ पासून बेटाच्या लिस्ट या गावी प्रशांत महासागरातल्या कालवांची शेती सुरू झाली. थंड पाण्यात ही कालवं शेताबाहेर वाढणार नाहीत, असे तेव्हा वाटत होते. काही वर्षांतच ती शेताबाहेर दिसू लागली, आणि पुढे उन्हाळे अधिक उबदार झाले तशी झपाट्याने पसरली. ती नेमकी निळ्या-काळ्या मीसमुशेल शिंपल्यांच्या वसाहतींवर जाऊन बसली. हे शिंपले आता संपणार अशी भीती अनेकांना होती. प्रत्यक्षात दोघांचे मिश्र बांध तयार झाले. मीसमुशेल मोठ्या कालवांच्या फटींत खाली राहू लागले, आणि तिथे खेकड्यांपासून व पक्ष्यांपासून त्यांना आडोसा मिळाला. पूर्वीचा समुदाय परत आला नाही, पण जागा ओसाडही झाली नाही.

दुसरीकडे, युरोपीय कालव परत आणण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ हेल्गोलांड बेटावर त्याची पैदास करतात आणि बोर्कुम बेटाजवळच्या संरक्षित समुद्रात ती कालवं वसवून पाहत आहेत. त्यासाठी आधी तळावर बसायला टणक जागा करून द्यावी लागते. म्योबिउस यांनी सांगितलेली अटच आज पुन्हा पाळावी लागते आहे.

आपल्याला यात दोन ओळखीच्या गोष्टी दिसतील. एक म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद. कोणतीही गोष्ट एकटी, आपल्या आपण उभी नसते. कारणे जुळली की ती घडते आणि कारणे हटली की ती सरते. कवच, मीठ, ऊब, प्रवाह, भक्षक यांच्याशिवाय 'कालवांची वसाहत' अशी वेगळी वस्तू दाखवता येत नाही. दुसरी गोष्ट अनित्यता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म म्हणजे काय ते सांगताना, सर्व संयुक्त वस्तू अनित्य आहेत हे मानणे त्यात घेतले आहे. जीवसमुदाय ही अशीच संयुक्त वस्तू आहे.

मात्र एक सावधगिरी बाळगू. तथागतांनी आधुनिक पर्यावरणशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असा दावा करायचे कारण नाही. त्यांचा विषय दुःख आणि दुःखमुक्ती हा होता. कारणे शोधून पाहण्याची त्यांची रीत शास्त्राशी जुळते. आपल्याला तेवढे पुरे आहे.

५. निसर्गातली 'जात' आणि माणसातली 'जात'

आता सुरुवातीच्या युक्तिवादाकडे येऊ. मराठीत एक अडचण आहे. आपण आंब्याची जात म्हणतो, गाईची जात म्हणतो, माशाची जात म्हणतो आणि माणसाचीही जात म्हणतो. शब्द एकच असल्यामुळे गोष्टही एकच असेल असा भास होतो. 'निसर्गातही जाती आहेत' हे वाक्य त्यामुळेच इतक्या सहज तोंडातून जाते. या पाठात मी जाणूनबुजून 'प्रजाती' हा शब्द वापरला आहे.

नेमका हाच घोटाळा तथागतांनी सोडवलेला आहे. सुत्तनिपातात आणि मज्झिमनिकायात असलेले वासेट्ठ सुत्त जरूर वाचा. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांत वाद झाला. भारद्वाजचे म्हणणे, आईबापांकडून सात पिढ्यांचे कुळ शुद्ध असेल तो ब्राह्मण. वासेट्ठचे म्हणणे, शील आणि आचरण असेल तो ब्राह्मण. वाद मिटेना तेव्हा दोघे तथागतांकडे गेले.

तथागतांनी उत्तराची सुरुवात माणसापासून केली नाही. त्यांनी आधी गवत आणि झाडे घेतली. मग किडे, पतंग आणि मुंग्या, मग चार पायांचे प्राणी, मग सरपटणारे, मग पाण्यातले मासे, मग आकाशातले पक्षी. या प्रत्येकात जन्मानेच मिळालेली वेगवेगळी लक्षणे आहेत आणि ती आपल्याला दिसतात, असे ते सांगतात. त्यानंतर ते माणसाकडे वळतात आणि केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेऊन दाखवतात की माणसामाणसांत जन्माने आलेले असे वेगळे लक्षण कुठेच नाही. माणसांत जो भेद आहे तो नावापुरता, व्यवहारातला आहे. जो गाई राखून आणि शेतीवर जगतो तो शेतकरी, जो कलाकुसरीवर जगतो तो कारागीर, जो व्यापार करतो तो व्यापारी. कर्माने माणूस ते होतो, जन्माने नाही.

युक्तिवादाची मांडणी पाहा. तथागत निसर्गातले वैविध्य नाकारत नाहीत. ते पूर्ण मान्य करून मग विचारतात की माणसात ते दाखवा. आधुनिक जीवशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कालव आणि समुद्रतारा या दोन प्रजाती आहेत, पण ब्राह्मण आणि महार या दोन प्रजाती नाहीत. सारी माणसे एकाच प्रजातीची आहेत. त्यामुळे प्रजातींमधल्या नात्याचा नियम माणसांच्या गटांना लावणे हे शास्त्राच्या पहिल्याच पायरीवर चुकते.

६. गिधाडाचे काम आणि माणसावर लादलेले काम

युक्तिवादात गिधाडाचे उदाहरण नेहमी येते, म्हणून तेच घेऊ. गिधाड मेलेले जनावर खाते. त्याचे पोट, त्याची चोच, त्याची नजर हे सगळे त्या अन्नासाठी घडलेले आहे. त्याला ते काम कुणी दिले नाही आणि त्यावरून त्याला कुणी विटाळ मानून दूर ठेवले नाही. हे काम किती मोलाचे आहे ते भारताला गिधाडे गेल्यावर कळले. जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिले जात होते. अशी जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मेलेली जनावरे उघड्यावर पडून राहू लागली आणि मोकाट कुत्र्यांना ते अन्न मिळाले. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. जीवसमुदायातून एक दुवा निखळला की काय होते, याचे हे आपल्या देशातले उदाहरण.

आता महाराष्ट्रातल्या गावातले दुसरे चित्र आठवा. मेलेली जनावरे ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर होते. त्यांच्या शरीरात त्या कामासाठी वेगळे काहीच नव्हते. ते काम जन्मावरून लादले होते, नाकारले तर मार आणि बहिष्कार होता, आणि केले म्हणून वर विटाळही होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत मांस आणि उष्टे-शिळे सोडून द्यायला सांगितले. लोकांनी ते ऐकले. गिधाडाला आपले अन्न सोडता येत नाही, सोडले तर ते मरेल. माणसाने लादलेले काम सोडले आणि तो उभा राहिला, शिकला, आज त्याची नातवंडे बर्लिन-म्युनिकमध्ये इंजिनिअर, परिचारिका, संशोधक आहेत. गिधाड आणि माणूस यांच्यातला फरक मुलांना समजावून सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

त्याच परिषदेनंतर, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब लोकांसह चवदार तळ्यावर गेले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, पण आपल्या माणसांना ते मना होते. जी व्यवस्था माणसाला जनावराइतकेही पाणी देत नाही, तिला निसर्गाचे नाव देणे हा निसर्गावरही अन्याय आहे.

७. शास्त्राच्या नावाने

ही तुलना केवळ अडाणी लोक करतात असे समजू नका. १९८३ साली माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोन नामवंत संशोधकांनी जातिव्यवस्थेकडे पर्यावरणशास्त्राच्या नजरेने पाहणारा लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, एकाच प्रदेशातल्या जातींनी नैसर्गिक साधने वाटून घेतली होती, त्यामुळे स्पर्धा कमी झाली आणि साधने जपून वापरली गेली. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातले नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांची उदाहरणे दिली. हे तीन समाज वेगवेगळ्या साधनांनी वेगवेगळ्या प्राण्यांची शिकार करत.

गाडगीळ यांनी पश्चिम घाटासाठी केलेले काम मोठे आहे आणि त्याचा आदर ठेवूनच आपण प्रश्न विचारू. शिकारीची वाटणी झाली होती, ठीक. पण जमिनीची वाटणी कुणी केली? पाण्याची कुणी केली? वाटणीच्या वेळी फासेपारध्याला कुणी विचारले होते? ज्याला वाटणीतून बाहेर पडायची मुभा नाही, त्याच्यासाठी ती वाटणी नसते, कोंडवाडा असतो. फासेपारध्यांना तर पुढे इंग्रजी अमलात गुन्हेगार जमात ठरवले गेले, आणि तो शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला तरी लोकांच्या मनातून गेला नाही. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. जीवसमुदायात उतरंड नसते. समुद्रतारा कालव खातो म्हणून तो कालवापेक्षा पवित्र ठरत नाही.

जर्मनीत राहणाऱ्या आपल्याला या गोष्टीचा आणखी एक धडा जवळच मिळतो. ओकोलोगी हा शब्द देणाऱ्या हेकेल यांनीच मानववंशांची वरची-खालची शिडीही मांडली होती. पुढे १९३५ साली, नाझी राजवटीत, जूनमध्ये निसर्गसंरक्षणाचा कायदा झाला आणि सप्टेंबरमध्ये ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्यूरेनबर्गचे कायदे झाले. झाडांची काळजी घेणारे सरकार माणसांची काळजी घेईलच असे नाही. मात्र शास्त्र आपली चूक सुधारूही शकते. २०१९ साली हेकेल यांच्याच येना शहरात, जर्मन प्राणिशास्त्र परिषदेच्या वार्षिक सभेच्या वेळी, शास्त्रज्ञांनी निवेदन काढले की मानववंश या कल्पनेला जीवशास्त्रात आधार नाही आणि ती कल्पना वंशवादातूनच जन्मली. तथागतांनी वासेट्ठाला दिलेले उत्तर आणि हे निवेदन शेजारी ठेवून वाचा.

आणखी एक गोष्ट. समजा एखादी गोष्ट निसर्गात खरोखरच आढळते, म्हणून ती माणसाने करावी असे होत नाही. निसर्गात पिले खाणारे प्राणीही आहेत. समुद्रताऱ्याला शील घेता येत नाही, माणसाला येते. पंचशील ही माणसाने समजून उमजून केलेली निवड आहे. बाबासाहेबांनी सद्धम्माची कसोटी सांगताना माणसाचे मोल जन्माने नव्हे तर योग्यतेने करायला सांगितले, ती कसोटीही अशीच समजून स्वीकारायची आहे.

८. मग या शास्त्रातून घ्यायचे काय?

तीन गोष्टी घेऊ. पहिली, परस्परावलंबन. आपण एकटे जगत नाही, म्हणून ज्यांच्यावर आपण अवलंबून आहोत त्यांच्याशी मैत्रीने वागावे. त्यात नदी, माती आणि कीटक येतात, तसेच आपली गटारे आणि कार्यालये साफ करणारी माणसेही येतात. दुसरी, मर्यादा. जागेला, पाण्याला, समुद्राला धारणक्षमता असते. खरेदी करताना, ताटात घेताना 'याला पुरे म्हणायचे कुठे' हा प्रश्न घरात विचारला जावा. तिसरी, अनित्यता. जुनी व्यवस्था बदलते, आणि ती कोणत्या दिशेने बदलावी यात आपलाही हात असतो. जातिव्यवस्था कारणांनी उभी राहिली आहे, म्हणून ती कारणे काढली की ती पडेल. धम्माने दिलेली ही आशा आहे आणि शास्त्र तिच्या विरोधात नाही.

सुट्टीत उत्तरेला गेलात तर मुलांना वाटेनमेर दाखवा. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. ओहोटीला वाटाड्याबरोबर चिखलातून चालता येते आणि कालवं, शिंपले, खेकडे जवळून पाहता येतात. वाटाड्याशिवाय मात्र जाऊ नका, भरती फार लवकर येते.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घराजवळची एक परिसंस्था निवडा. तिच्यातल्या पाच प्रजाती सांगा आणि त्या एकमेकांवर कशा अवलंबून आहेत ते मुलांसह कागदावर काढा.

२. उत्तर समुद्रातली कालवं कमी झाली त्यामागे कोणकोणती कारणे एकत्र आली? त्यांतले कोणते कारण आजही आपल्या खरेदीत दिसते?

३. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी आधी झाडे आणि प्राणी का घेतले असतील? थेट माणसापासून सुरुवात केली असती तर युक्तिवाद कमजोर झाला असता का?

४. 'जात म्हणजे निसर्गातली कामाची वाटणी' असे कुणी म्हणाले तर तुम्ही दोन मिनिटांत काय उत्तर द्याल? ते मराठीत आणि जर्मन भाषेत बोलून पाहा. मुलांना जर्मन उत्तर तयार करू द्या, ती आपल्यापेक्षा चांगले करतील.

जय भीम. नमो बुद्धाय.